भिंतीकडचा ढीग: विद्यापीठ आणि उद्योग एकत्र आले की नेमकं काय घडतं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझे तीन मित्र जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तीन आठवडे जाऊन बसलो होतो. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली. सरांनी मिलच्या शेठना फोन करून सांगितलं होतं, 'पोरं येतील, काही काम असेल तर सांगा.' शेठनी चहा पाजला आणि एकच प्रश्न टाकला: "पावसाळा लागला की माझा खंडा वाढतो. रोल तोच, मिस्त्री तोच, तूर तीच. मग वाढतो का?"

ज्यांनी डाळ मिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुरीचं साल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेलं असतं, हरभऱ्यासारखं सहज सुटत नाही. म्हणून तूर आधी रोलवर, म्हणजे फिरणाऱ्या खरखरीत रुळावर, घालून दाण्याला नुसते ओरखडे पाडतात. मग तेल लावतात, रात्रभर मुरू देतात, पाणी शिंपडतात, ढीग लावतात, वाळवतात आणि पुन्हा रोलवर घालतात. हे दोन-तीनदा चालतं. दर फेरीला थोडे दाणे फुटतात, थोडे घासून पीठ होतात. फुटला तो खंडा, पीठ झालं ती चुरी. चुरी जनावरांच्या खाद्यात जाते. दाण्यात सालाचा वाटा साधारण १२ ते १४ टक्के, म्हणजे हिशेबाने क्विंटलमागे ८५ किलोच्या पुढे डाळ मिळायला हवी. कुठल्याही मिलवाल्याला विचारा, इतकी मिळत नाही. मधले किलो खंड्यात आणि चुरीत जातात आणि मालकाचा नफा-तोटा तिथेच ठरतो.

तूर वाळली की नाही हे मिस्त्री दाताने ठरवायचे. ढिगातला एक दाणा उचलून दाढेखाली धरायचा, कट् आवाज आला की रोलवर सोडायचं. आम्ही मनातल्या मनात हसलो. आमच्याकडे ओव्हन होतं, तराजू होता, ओलावा मोजायची रीत पाठ होती. नमुना तोलायचा, तापवायचा, पुन्हा तोलायचा. आठवडाभर मोजून पाहिलं तर मिस्त्री बरोबर निघाले. ते ज्या दाण्याला वाळला म्हणत, तो वाळलेलाच असे.

घोळ दुसराच होता. मिस्त्री दाणा उचलायचे दाराकडून, कारण उभे तिथेच राहायचे. पलीकडे भिंतीला लागून असलेल्या ढिगाला वारा नाही आणि पावसाळ्यात ती भिंतच ओल धरते. त्यामुळे एकाच रोलवर एकाच वेळी सुकी आणि ओली तूर पडायची. ओल्यासाठी रोल आवळला की सुका दाणा फुटायचा, सुक्यासाठी सैल सोडला की ओल्याचं साल राहायचं आणि पुन्हा फेरी. आम्ही सांगितलं, नमुना पाच ठिकाणांहून घ्या, भिंतीकडचा ढीग दिवसातून दोनदा फिरवा, जमलं तर भिंतीपासून हातभर सोडूनच लावा. मिस्त्री म्हणाले, "एवढंच ना भो?" एवढंच.

ना यंत्र, ना पेटंट, ना पेपर. तरीसुद्धा 'विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्यातून नवोपक्रम' असं जे जाडजूड वाक्य परिसंवादांत ऐकू येतं, त्याचा अर्थ मला त्या भिंतीपाशी कळला.

नवोपक्रम किंवा इनोव्हेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जगात पहिल्यांदा लागलेला शोध येतो. श्रीमंत देशांत त्याचा काही भाग तसा असतोही. आपल्यासारख्या देशांत मात्र बहुतेक नवोपक्रम म्हणजे दुसरीकडे सिद्ध झालेली गोष्ट इथल्या मातीत, इथल्या विजेत, इथल्या पैशांत चालवून दाखवणं. हे दुय्यम काम आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो, कारण खान्देशचा अख्खा चेहरा या दुय्यम कामाने बदलला आहे.

ठिबकच घ्या. थेंबाथेंबाने झाडाच्या मुळाशी पाणी देण्याची पद्धत इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी घडवली आणि १९६५ मध्ये तिथल्या एका किबुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, तिचा कारखाना काढला. जळगावात भवरलाल जैन यांची कंपनी या धंद्यात उतरली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ती नळी जशीच्या तशी आणून रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत अंथरली असती तर दोन हंगामांत लोकांनी गुंडाळून खळ्यात टाकली असती. इथलं पाणी क्षारांचं, ड्रीपर म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडं बुजणार. लाईट कधी येईल नि कधी जाईल याचा भरवसा नाही. शेतं लहान, उताराची. ड्रीपर बुजला की नळीतून अ‍ॅसिड किती आणि कसं सोडायचं, खत पाण्याबरोबर कोणत्या महिन्यात किती द्यायचं, हे सगळं बांधावर उभं राहून शिकावं आणि शिकवावं लागलं. त्यासाठी कंपनीने कृषी पदवीधर नेमले, स्वतःचं प्रात्यक्षिक शेत उभं केलं. सरकारने अनुदान दिलं. पुढे १९९० च्या दशकात टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, ग्रँड नैन ही केळीची जात आली. अठरा महिने चालणारी केळीची बाग वर्षभराच्या आत-बाहेर निघू लागली. आज मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे केळीचे दोन्ही लागवड हंगाम, करणाऱ्या पोराला बसराई या जुन्या जातीचं खोड दाखवलं तर त्याला ओळखता येईलच असं नाही.

यात विद्यापीठ कुठे होतं? खरं सांगायचं तर थोडं मागे. जळगावचं विद्यापीठ स्थापन झालं १५ ऑगस्ट १९९० ला, तोवर इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. म्हणजे खान्देशात उद्योग आधी पळाला आणि विद्यापीठ मागून आलं. पण कंपनीच्या शेतावर उभे असलेले ते कृषी पदवीधर राहुरीच्या, अकोल्याच्या, धुळ्याच्या वर्गातूनच आले होते ना? विद्यापीठाचं उद्योगावर सगळ्यात मोठं ऋण असतं ते हेच, आणि ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना देशोदेशी हेच दिसत आलंय. कारखान्यात ज्ञान शिरतं ते आधी शिकून बाहेर पडलेल्या माणसांमधून, मग ओळखीच्या सरांना केलेल्या फोनमधून, मग सल्लागारीतून. पेटंट आणि परवाने या रांगेत बरेच मागे उभे असतात.

आता थोडी थिअरी. तिला घाबरू नका.

१९६८ मध्ये अर्जेंटिनाच्या होर्हे साबातो यांनी नातालिओ बोताना यांच्यासोबत एक साधा त्रिकोण मांडला. एका कोपऱ्यात सरकार, दुसऱ्यात उद्योग, तिसऱ्यात विद्यापीठं आणि प्रयोगशाळा. साबातो स्वतः धातुशास्त्रातला माणूस, तिथल्या अणुऊर्जा आयोगात कामाला. आयोगात त्यांनी कारखानदारांसाठी एक तांत्रिक मदतीची खिडकी उघडली होती: तुमचं ओतकाम तडकतंय का, घेऊन या, बघू. त्यामुळे त्यांचा त्रिकोण कागदावरचा नव्हता. ते सांगत होते की गरीब देशांत कोपरे नसतात असं नाही, कोपरे असतात. त्यांना जोडणाऱ्या बाजू नसतात. उलट प्रत्येक कोपऱ्याची दोरी परदेशात कुठेतरी बांधलेली असते. शास्त्रज्ञाची दोरी परदेशी जर्नलला, कारखानदाराची परदेशी यंत्र विकणाऱ्याला.

जळगावच्या नकाशावर हा त्रिकोण ठेवून पाहा. बांभोरीच्या टेकडीवर विद्यापीठ, गावाच्या दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. प्लास्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप, डाळ मिल, सगळं तिथे. चटईवाल्याचं यंत्र बिघडलं की तो यंत्र जिथून आणलं त्या गावी फोन लावतो, आणि त्याचं चूक नाही, कारण तिथला माणूस दुसऱ्या दिवशी हजर होतो. पॉलिमर शिकवणारे सर मात्र त्याच आठवड्यात दूर देशातल्या एका संपादकाने मागितलेल्या दुरुस्त्या करत बसलेले असतात. तेही चूक नाहीत, त्यांची बढती त्या पेपरवर आहे. दोघंही बाजारात एकाच टपरीवर भरीत-पुरी खात असतील, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

पुढे १९९५ च्या सुमारास हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ यांनी याच तिघांची कल्पना वेगळ्या रूपात मांडली. तिला आपण तीन पेडांची वेणी म्हणू. त्यांचं म्हणणं, प्रगत अर्थव्यवस्थेत हे तिघं आपापल्या कोपऱ्यात उभे राहत नाहीत, एकमेकांत गुंफले जातात, एकमेकांची कामं अंगावर घेतात. विद्यापीठ कंपन्या काढतं, कंपनी संशोधन करते, सरकार भांडवल घालतं. ही वेणी जगभरच्या धोरणकर्त्यांना इतकी आवडली की प्रत्येक देशाने ती घालायला घेतली. माझं मत विचाराल तर आपण अजून साबातोंच्या त्रिकोणातच आहोत. केस वाढायच्या आधी वेणी घालता येत नाही.

केस का वाढत नाहीत, याचं एक कारण पैसा आहे. ते पटकन सांगून टाकतो. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ०.६४ टक्के खर्च केला. त्यात खासगी उद्योगाचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास, उच्च शिक्षण संस्थांचा तर ९ टक्क्यांच्याही आत. दक्षिण कोरिया किंवा अमेरिकेत एकूण खर्च कित्येक पटींनी जास्त आणि त्यातला तीन-चतुर्थांश उद्योग करतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा ठरवला गेला, त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. येईल तेव्हा येईल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९० मध्ये कोहेन आणि लेविन्थल या दोन अभ्यासकांनी एक गोष्ट नीट मांडली: बाहेरचं ज्ञान घ्यायलाही आत थोडं ज्ञान असावं लागतं. याला आपण पचवण्याची ताकद म्हणू. ज्या कंपनीत आपलं आपलं थोडं संशोधन चालतं, तिलाच विद्यापीठातलं काय कामाचं आणि काय नाही हे कळतं. बाकीच्यांना पंचपक्वान्न वाढलं तरी पोट बिघडतं. जैनांकडे शेत होतं, माणसं होती, म्हणून इस्रायलची नळी पचली. शेठकडे मिस्त्रींची दाढ होती. ती उत्तम दाढ होती, पण तिला आमच्या ओव्हनची भाषा कळत नव्हती आणि आम्हाला तिची. दोन्ही भाषा येणारा एक माणूस मिलमध्ये कायम असता तर आमची गरजच नव्हती.

पन्नास मजुरांचा कारखाना असा माणूस पगारावर ठेवू शकत नाही, ही विकसनशील देशांची खरी गाठ आहे. आपल्याकडे उद्योग म्हणजे मुख्यतः असेच छोटे कारखाने. सहकार्याच्या सगळ्या योजना मात्र अशा गृहीतकावर आखलेल्या की समोर कंपनीचा संशोधन विभाग बसला आहे.

ज्ञान माणसाबरोबर प्रवास करतं याचं माझं आवडतं उदाहरण ट्रॅक्टरचं आहे. खान्देशात ज्याच्या त्याच्या दारात दिसणारा स्वराज. १९६० च्या दशकात दुर्गापूरच्या सीएमईआरआय या सरकारी प्रयोगशाळेत पूर्ण देशी आराखड्याचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. आराखडा तयार झाला, पण तो बनवणार कोण? पंजाब सरकारने १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी काढली आणि १९७४ मध्ये पहिला स्वराज बाजारात आला. यातली खरी गोष्ट अशी की आराखडा नुसता टपालाने पंजाबला गेला नाही. प्रयोगशाळेच्या चमूतले चंद्रमोहन कंपनीत गेले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. नटबोल्ट कुठे झिजणार, कुठला भाग का तसा ठेवलाय, हे ज्याच्या डोक्यात होतं तोच कारखान्यात उभा होता. सीएमईआरआय विद्यापीठ नव्हे हे खरं, पण धडा तोच. तंत्रज्ञान हस्तांतर म्हणजे फाइल देणं, असं समजणाऱ्यांनी स्वराज एकदा चालवून पाहावा.

घरच्या आणखी जवळचं उदाहरण अकोल्याचं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल विकसित केली, 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' म्हणून ती ओळखली जाते. मोठी मिल टाकणं ज्याला परवडत नाही, अशा शेतकऱ्याने किंवा बचत गटाने गावातच डाळ करावी, यासाठी. ती चालली याचं श्रेय मी यंत्राइतकंच एका साध्या निर्णयाला देतो: स्थानिक वर्कशॉपवाल्यांना ती बनवायला दिली. बेल्ट तुटला तर तालुक्याच्या गावात मिळतो. वेल्डिंग करणाऱ्याला आतलं ठाऊक असतं. विद्यापीठ-उद्योग सहकार्यातला 'उद्योग' म्हणजे दर वेळी काचेच्या इमारतीतली कंपनी नसते, कधी तो ग्राइंडर लावून बसलेला लोहारही असतो.

आता मधल्या दरीबद्दल, कारण बहुतेक कल्पना तिथेच मरतात. प्रयोगशाळेत एक किलो तूर घेऊन मी तिला हवी तशी वाळवू शकतो. ताटलीत पातळ पसरली, ओव्हनमध्ये ठेवली, झालं. मिलमध्ये शंभर क्विंटल असते. एक किलोला भिंतच नसते! मधोमध गरम होणं, खालून ओल चढणं, वरचा थर कडक आणि आतला लिबलिबीत, हे सगळे प्रश्न ढीग मोठा झाल्यावरच जन्माला येतात. रसायनशास्त्रातही तेच. बीकरमध्ये हलवलं की उष्णता काचेतून निघून जाते, दहा हजार लिटरच्या टाकीत ती आत कोंडून राहते. म्हणून प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मध्ये एक छोटा, चुका करायला परवानगी असलेला कारखाना लागतो. त्याला पायलट प्लँट म्हणतात. तो चालवायला पैसा जातो आणि त्यातून ना पेपर निघतो ना विकायचा माल. प्राध्यापक म्हणतो हे आता विज्ञान राहिलं नाही, कारखानदार म्हणतो हा अजून धंदा झाला नाही. सरकारने हात घालायचा तो इथे.

हात घातला तर काय होतं, हे रोटाव्हॅकने दाखवलं. लहान मुलांना जुलाबाने बेजार करणारा, जीवही घेणारा रोटाव्हायरस. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की काही नवजात बाळांच्या पोटात या विषाणूचा एक प्रकार सापडतो, पण बाळं आजारी पडत नाहीत, उलट पुढे त्यांना संरक्षण मिळतं. त्या विषाणूपासून लस करायची ठरली. सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक एकत्र आले. अखेरची मोठी चाचणी सुमारे ६,८०० बाळांवर झाली, तिचं एक केंद्र आपल्या पुणे जिल्ह्यातलं वढू. डोसची किंमत एक डॉलरच्या आसपास ठेवायचं कंपनीने आधीच कबूल केलं होतं. २०१६ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली. शोध लागल्यापासून तीस वर्षं! एवढ्या काळात किती सरकारं, किती सचिव, किती कुलगुरू बदलले असतील. दोरी मात्र कुणीतरी धरून ठेवली होती. मोठ्या कंपन्यांना गरीब देशांतल्या जुलाबात बाजार दिसत नाही, म्हणून असं सहकार्य आपल्याला परवडण्या-न परवडण्याच्या पलीकडचं आहे, ते करावंच लागतं.

तीस वर्षं दोरी धरायची म्हटल्यावर आपल्या कॉलेजांकडे बघून पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या किती जागा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालतात हे वाचकांना सांगायला नको. असा नेमलेला माणूस जूनमध्ये येतो, मार्च-एप्रिलमध्ये जातो, पुढच्या वर्षी आपण असू की नाही त्याला माहीत नसतं. तो डाळ मिलच्या शेठशी कसलं नातं जोडणार? जे कायम आहेत त्यांच्यावर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, परीक्षा आणि प्रवेश. त्यात आता पेटंटचं खूळ. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आली. हेतू चांगला. पण मूल्यांकनात पेटंटला गुण आहेत म्हटल्यावर काय होणार? आठ-दहा प्राध्यापकांची नावं एका अर्जावर, वस्तू अशी की कुणी ती बनवणार नाही आणि बनवलीच तर कुणी घेणार नाही. आकडा वाढतो, ढीग भिंतीकडेच राहतो.

अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा केला, म्हणजे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येईल अशी मुभा दिली. तिथे त्यानंतर विद्यापीठांतून कंपन्या निघण्याला जोर आला. आपल्याकडेही तशाच धर्तीचं विधेयक २००८ मध्ये संसदेत आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. विकण्यासारखं ज्या संस्थेकडे फार काही तयारच होत नाही, तिला आधी दुकानाचा कायदा देऊन काय उपयोग?

सहकार्याचे तोटेही आहेत आणि ते कौतुकाच्या भाषणांत येत नाहीत. कारखान्याला उत्तर या महिन्यात हवं असतं, त्यामुळे प्रयोगशाळा हळूहळू चाचणी केंद्र होऊन बसते: सिमेंटचे ठोकळे दाबा, पाण्याचा रिपोर्ट द्या, पावती फाडा. पैसे येतात, डोकं गंजतं. कधी इंटर्नशिपच्या नावाखाली मुलं सहा महिने पॅकिंगला लावली जातात. कधी कंपनी निकाल छापू देत नाही आणि पीएचडीची पोरगी अडकून पडते. या गोष्टी आधी लिहून घेतल्या नाहीत तर पहिल्याच भांडणात संबंध संपतो.

सगळ्यात मोठी वाट अडलीय ती मात्र माझ्या मते केळीच्या खोडापाशी. घड कापला की खोड उभं राहतं, रसरशीत, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. शेतकरी पैसे मोजून ते तोडून घेतो, बांधावर नाहीतर नाल्याकाठी टाकतो. गुजरातमधल्या नवसारीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे नवापूरची सीमा ओलांडली की काही तासांवर, या खोडापासून धागा आणि त्याच्या रसापासून द्रवरूप खत करण्याचं काम कधीच करून ठेवलं आहे. विज्ञान झालेलं आहे. अडलंय ते असं: खोडाचं बहुतेक वजन पाण्याचं, धागा निघतो तो शंभर किलो खोडामागे किलो-दोन किलोच्या हिशेबाने. यंत्रापर्यंत खोड वाहून नेलं की भाड्यातच धागा जातो. यंत्र बांधावर न्यावं तर लाईट नाही. धागा ओला राहिला तर काळा पडतो आणि काळ्या धाग्याला गिऱ्हाईक नाही. हे प्रश्न कुठल्याही जर्नलला नको आहेत. ते ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र बनवणाऱ्या वर्कशॉपचे, तोडणीच्या टोळीच्या मुकादमाचे आणि धागा घेणाऱ्या सूतगिरणीचे प्रश्न आहेत. या तिघांना एका कट्ट्यावर बसवणारं कुणी नाही. ज्या विद्यापीठाला ते जमेल, त्याला मी दहा पेटंटांपेक्षा जास्त गुण देईन.

आमच्या तुरीचं पुढे काय झालं? मे महिन्यात आम्ही रिपोर्ट बांधून घेतला. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सत्तर पानं, त्यातली चाळीस दुसऱ्यांच्या पेपरांचा आढावा, सगळं इंग्रजीत. शेठच्या प्रश्नाचं उत्तर बावन्नाव्या पानावर एका तक्त्यात. एक प्रत त्यांना दिली, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेऊन गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. ढीग भिंतीपासून सोडून लावला तर खंडा कमी झाला होता, पण आता साल राहत होतं, मुरवायची वेळ बदलावी का? चांगला प्रश्न होता, आमच्या प्रश्नापेक्षा चांगला. तोवर आम्ही चौघंही पुण्यात नोकऱ्यांना लागलो होतो. मी सरांचा नंबर दिला. सरांचं कॉलेज बदललं होतं.

आता मी परत जळगावात आहे आणि त्याच मिलमध्ये अधूनमधून जातो. एका कॉलेजातल्या मॅडमनी तिथे एक पद्धत सुरू केली आहे. शेवटच्या वर्षाची मुलं जायच्या आधी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मिलमध्ये येतात आणि वही हातात देतात. रिपोर्ट वेगळा, वही वेगळी. वही मराठीत, शंभर पानी, मिलमध्येच राहते, मिस्त्रीही तिच्यात लिहितात. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा ती उघडून पाहिली. मिस्त्रींच्या अक्षरात तारीख होती आणि खाली एक ओळ: 'मागच्या पोरांनी सांगितलेल्या वेळेपेक्षा तीन तास जास्त मुरवली, साल सुटलं, पण डाळीचा रंग उतरला. का?'